बांध फुटला की: ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे ब्लूज गाणं हातोहात कसं बदलत गेलं

एनिग्मा या जर्मन संगीतप्रकल्पाचं ‘रिटर्न टु इनोसन्स’ तुम्ही ऐकलं असेल. त्या आलापासारख्या गाण्याखाली एक जड, ऐसपैस, घुमणारा ड्रम चालू असतो. तो एनिग्माचा नाही. एनिग्माचा तो अल्बम १९९३चा. ड्रम त्याआधी वीसेक वर्षं इंग्लंडमधल्या एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली जॉन बॉनमने वाजवला होता, लेड झेपेलिन या आपल्या इंग्लिश रॉक बँडच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी. आणि हे गाणंसुद्धा मुळात लेड झेपेलिनचं नाही. ते ब्लूज आहे, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गानपरंपरेतलं; ते १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये एका नवराबायकोने दोन गिटारांवर रेकॉर्ड केलं, आणि त्याचा विषय होता त्याच्याही दोन वर्षं आधीचा मिसिसिपी नदीचा महापूर.

या प्रवासात प्रत्येकाने गाण्यातलं काहीतरी उचललं आणि काहीतरी मागे टाकलं. काय उचललं आणि काय टाकलं, एवढं नीट बघितलं तरी ‘कव्हर’ म्हणजे, दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने करणं म्हणजे नेमकं काय हे कळतं.

लेव्ही म्हणजे काय, आणि ती फुटते कशी

लेव्ही म्हणजे नदीच्या काठाकाठाने शेकडो मैल घातलेला मातीचा उंच बांध. धरण पाणी अडवून साठवतं. लेव्ही पाणी साठवत नाही, नदीला पात्राबाहेर पडू देत नाही एवढंच तिचं काम. बांधापलीकडची शेतं आणि गावं पुराच्या वेळी नदीच्या पातळीपेक्षा खाली असतात, म्हणून बांध एका जागी फुटला तरी पुढचं सगळं पाण्याखाली जातं.

मातीचा बांध तीन तऱ्हांनी जातो. पाणी वरून सांडायला लागलं की पलीकडचा उतार धुपतो आणि घळ पडते. बांध बरेच दिवस पाण्यात उभा राहिला की आतली माती भिजून मऊ होते आणि अख्खा उतार घसरतो. तिसरी तऱ्हा सगळ्यात फसवी. पाणी बांधाखालच्या वाळूतून वाट काढतं आणि कोरड्या बाजूला जमिनीतून उकळल्यासारखं वर येतं. वर येणारं पाणी स्वच्छ असेल तर थोडी उसंत असते. ते वाळू घेऊन येत असेल तर बांधाखालची माती पोखरली जात आहे असं समजायचं. अशा वेळी ते भोक बुजवायचं नसतं, कारण बुजवलं की पाणी शेजारून दुसरी वाट काढतं. भोकाभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचून आत पाणी साचू द्यायचं. साचलेल्या पाण्याचा भार खालून येणाऱ्या दाबाला तोलून धरतो आणि वाळू वाहून जायची थांबते. हे काम रात्रंदिवस करावं लागतं, आणि त्याला माणसं लागतात. मूळ गाण्यात बांधावर रात्रंदिवस राबल्याची ओळ आहे, ती या कामाची आहे.

१९२६च्या उन्हाळ्याअखेरीपासून मिसिसिपीच्या खोऱ्यात पाऊस थांबतच नव्हता. त्यात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचं धोरण होतं ‘फक्त बांध’: नदीला पसरायला जागा ठेवायची नाही, जुन्या नैसर्गिक वाटा बंद करायच्या, सगळं पाणी दोन बांधांमध्ये कोंडायचं. कोंडलेलं पाणी चढतं, म्हणून बांध वाढवायचा. बांध वाढला की पाणी आणखी चढतं. २१ एप्रिल १९२७च्या सकाळी मिसिसिपी राज्यात ग्रीनव्हिलच्या वरच्या अंगाला, माउंड्स लँडिंग इथे बांध फुटला. त्या पुरात एकंदर सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. काही ठिकाणी पाणी ३० फुटांपर्यंत होतं. सहा लाखांहून अधिक लोक घराबाहेर पडले.

बांधावर पोती टाकणाऱ्यांत काळ्या मजुरांचा भरणा होता, आणि पुष्कळांना बंदुकीच्या धाकाने कामाला लावलेलं होतं. पूर आल्यावर ग्रीनव्हिलच्या बांधावर, म्हणजे पाण्याबाहेर उरलेल्या मातीच्या अरुंद पट्ट्यावर, सुमारे १३ हजार काळी माणसं अडकून पडली. त्यांना नेण्यासाठी बोटी आल्याही होत्या. पण ही माणसं गेली तर परत येणार नाहीत आणि कापसाच्या शेतावर मजूर उरणार नाहीत, अशी मळेवाल्यांना भीती होती. म्हणून त्यांना तिथेच ठेवलं गेलं. खाणं मिळवायला गळ्यात बिल्ला लागायचा, आणि मदतीचा माल उतरवायचं काम बिनपैशाचं. तिकडे न्यू ऑर्लिन्स शहर वाचावं म्हणून २९ एप्रिलला खालच्या अंगाचा कायर्नार्व्हनचा बांध सुरुंग लावून मुद्दाम उडवण्यात आला. त्याने सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स हे शेजारचे गरीब परगणे बुडाले. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि ‘फक्त बांध’ धोरण संपलं. नदीला पसरायला मुद्दाम मोकळ्या वाटा ठेवायला लागले.

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण, गाणं याविषयी फार कमी बोलतं. ज्यांनी ते १९२९ साली विकत घेतलं त्यांना बाकीचं ठाऊक होतं.

१९२९ची तबकडी

मेम्फिस मिनीचं खरं नाव लिझी डग्लस, जन्म १८९७. मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर गिटार वाजवून ती पोट भरत होती. तिच्या भावजयीच्या आठवणीप्रमाणे १९२७ साली बांध फुटला तेव्हा मिनी मिसिसिपीतल्या वॉल्स या गावाजवळ आपल्या घरच्यांबरोबर राहत होती. तिचा नवरा जो मकॉय. कोलंबिया कंपनीने तबकडीवर त्यांना ‘कॅन्सस जो’ आणि ‘मेम्फिस मिनी’ अशी नावं दिली आणि तीच टिकली. १८ जून १९२९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी हे गाणं रेकॉर्ड केलं.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: हे गाणं मिनीने गायलं, असा. गायलं आहे जोने. मिनी गिटार वाजवते आहे, आणि दोघांमध्ये गिटारवर भारी तीच होती. जो ठेका आणि स्वराधार, म्हणजे गाण्याखाली वाजत राहणारे आधाराचे स्वर, धरून ठेवतो. मिनी बोटांनी तारा छेडत ओळींच्या मधल्या जागा भरते.

रचना बारा बारच्या ब्लूजची आहे. बार म्हणजे चार मात्रांचा एक गट. बारा बार म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. आपल्या बारा मात्रांच्या एकतालाशी त्याची गल्लत करू नये. स्वराधार असा फिरतो: चार बार सा, मग दोन बार म, पुन्हा दोन बार सा, एक बार प, एक बार म, आणि शेवटचे दोन बार सा. शब्द तीन ओळींचे: पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिला जोडणारी तिसरी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात. त्यातले साधारण दोन गळ्याचे आणि उरलेले दोन गिटारच्या उत्तराचे. पाऊस असाच पडत राहिला तर बांध फुटणार, ही पहिली ओळ. ती परत येते तेव्हा शब्द तेच असले तरी खाली ‘म’ आलेला असतो, त्यामुळे ती निराळी लागते. नुसत्या पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही तो यामुळे. गळा ज्या गंधाराभोवती फिरतो तो धड कोमल नाही, धड शुद्धही नाही, दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. हार्मोनियमवर हे गाणं बसवायला गेलात तर पहिली अडचण इथेच येईल.

मिनीचं गिटार ‘ओपन जी’ या जुळणीत आहे. जुने वादक तिला ‘स्पॅनिश’ म्हणत. गिटारच्या नेहमीच्या जुळणीत जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई असे स्वर असतात. त्यातली सहावी (सगळ्यात जाड), पाचवी आणि पहिली (सगळ्यात बारीक) या तीनच तारा एकेक पूर्ण स्वर उतरवायच्या. मग जाडीपासून डी, जी, डी, जी, बी, डी असं मिळतं. ‘जी’ला सा मानलं तर तारा झाल्या प, सा, प, सा, ग, प. बोट न ठेवता सगळ्या तारा छेडल्या तरी सुरेल कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) वाजते, त्यामुळे डावा हात नक्षीकामाला मोकळा राहतो. चुका होतात त्या दोन. काही जण तारा उतरवण्याऐवजी चढवून दुसऱ्या पट्टीत हीच जुळणी साधू पाहतात. त्यात बारीक तार तुटते आणि गिटारच्या मानेवर ताण येतो. दुसरी चूक, एकदाच जुळवून वाजवायला बसणं. तीन तारा सैल झाल्या की मानेवरचा ताण घटतो आणि न हलवलेल्या तारा थोड्या चढतात. म्हणून सहाही तारा पुन्हा एकदा तपासाव्या लागतात.

त्या पुरावरचं हे एकमेव गाणं नव्हे. चार्ली पॅटनचं ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ १९२९चंच. बेसी स्मिथचं ‘बॅक वॉटर ब्लूज’ लोक महापुराशी जोडतात, पण ते फेब्रुवारी १९२७मध्ये, म्हणजे माउंड्स लँडिंगचा बांध फुटण्याच्या दोन महिने आधीच रेकॉर्ड झालेलं होतं.

जो आणि मिनी पुढे शिकागोला गेले, १९३०च्या दशकाच्या मध्याला विभक्त झाले. मिनीने नंतर इलेक्ट्रिक गिटार हाती घेतलं, १९४१चं ‘मी अँड माय शोफर ब्लूज’ तिचं. जो १९५०मध्ये, मिनी १९७३मध्ये गेली. लेड झेपेलिनची तबकडी निघाली तेव्हा ती हयात होती.

जिन्याखालचा ड्रम

मूळ तबकडी लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांटच्या संग्रहात होती. डिसेंबर १९७०मध्ये बँडने लंडनच्या आयलंड स्टुडिओत हे गाणं करून पाहिलं, पण ते जमलं नाही. तो प्रयत्न २०१५मध्ये ‘इफ इट कीप्स ऑन रेनिंग’ या नावाने बाहेर आला आहे. दोन्ही शेजारी ठेवून ऐकावेत. नंतरच्या यशाचं गुपित वादकांपेक्षा जागेत किती होतं ते लगेच कळतं.

ती जागा म्हणजे हॅम्पशरमधलं हेडली ग्रेंज, १७९५ साली निराधारांसाठी बांधलेली इमारत. रोलिंग स्टोन्स या बँडचा ट्रकमधला फिरता स्टुडिओ दाराशी उभा होता. ड्रम ठेवले होते प्रवेशाच्या उंच दालनात, जिन्याच्या पायथ्याशी. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने ड्रमजवळ एकही माइक लावला नाही. बायरडायनॅमिकचे दोन एम १६० माइक वर जिन्यात टांगले, एवढंच.

याने काय साधलं? हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. माइक पाच मीटरवर असेल तर ठोका तिथे पोचायला सुमारे १५ मिलिसेकंद लागतात, आणि मागोमाग भिंती, छत, पायऱ्या यांवरून परतलेले आवाज येतात. म्हणजे माइकला एकटा ड्रम मिळत नाही, ड्रमने भरलेलं दालन मिळतं. मग दोन्ही माइकांचा आवाज कंप्रेसरमधून जोरात दाबला. कंप्रेसर मोठा ठोका खाली ढकलतो आणि त्यामागून येणारा हळू आवाज वर उचलतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधला घुमार फुगून वर येतो. त्यावर बिन्सन एकोरेक या इटालियन प्रतिध्वनियंत्राची जोड. ते टेपऐवजी फिरत्या चुंबकीय चकतीवर आवाज धरून थोड्या वेळाने परत देतं.

मग टेपचा वेग उतरवला. गाणं जलद लयीत वाजवलं होतं, अंतिम रूपात ते मंद केलं. टेप मंदावली की लय आणि सूर दोन्ही उतरतात, एकेकटं उतरवता येत नाही. वेग सुमारे ११ टक्क्यांनी घटवला की सूर बरोबर एक पूर्ण स्वर खाली येतो, म्हणजे ‘रे’चा ‘सा’ होतो. शिवाय ठोक्याची धार बोथट होते, झांजा काळोख्या होतात, घुमार लांबतो. या ड्रममध्ये जो राक्षसी भार जाणवतो त्याचा मोठा वाटा इथून आलेला आहे. म्हणूनच मूळ लयीत, मूळ पट्टीत हे गाणं मंचावर उभं करणं अवघड जातं. खुद्द लेड झेपेलिननेही १९७५च्या दौऱ्याच्या सुरुवातीला थोडे दिवस वाजवून ते सोडून दिलं.

घरी हा आवाज काढू पाहणाऱ्यांचं तीन ठिकाणी बिनसतं. पहिलं म्हणजे खोली: आठ-नऊ फुटी छताखाली परतणारा आवाज इतक्या लवकर येतो की घुमाराऐवजी डबा वाजल्यासारखं होतं. मग कृत्रिम घुमार नंतर जोडलेला बरा. दुसरं, जवळचा आणि लांबचा माइक एकत्र मिसळणं. दोन्हींत तोच ठोका वेगवेगळ्या वेळी येतो, काही कंपनं एकमेकांना खाऊन टाकतात आणि ड्रम पोकळ होतो. लांबच्या माइकचा आवाज तेवढाच आधी सरकवून जुळवावा किंवा जवळचा बंदच ठेवावा. आणि तिसरं, भरगच्च वाजवणं. घुमाराला विरायला वेळ लागतो. ताशा बडवल्यासारखं सतत वाजवलं तर सगळा चिखल होतो. बॉनमच्या ठेक्यात रिकाम्या जागा आहेत आणि त्यांतच तो आवाज मोठा होतो.

बाकीच्या वाद्यांकडे वळू. जिमी पेजचं बारा तारांचं गिटार खुल्या जुळणीत आहे आणि गाण्याचा बराच भाग एकाच स्वराधारावर उभा आहे. मधे दुसरा भाग येतो तिथे स्वर हलतात, पण कडव्यांखालची सा-म-प ही फेरी गेली आहे. तंबोऱ्यावर गाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. शब्द मात्र अजून तीन ओळींचेच आहेत: तीच पहिली ओळ, तीच पुन्हा. खालची जमीन हलत नाही आणि वर ओळ परत परत येते, त्यामुळे पाणी चढत असल्याचा भास होतो. १९२९च्या तबकडीत दोन गिटारं चालती आहेत. कामाला निघालेल्या माणसाची ती चाल आहे. इथे सगळं जागच्या जागी दाटत जातं.

प्लांटच्या हार्मोनिकाला उलटा प्रतिध्वनी आहे. टेप उलटी फिरवून प्रतिध्वनी वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा आणि टेप पुन्हा सरळ करायची. मग प्रतिध्वनी आधी आणि सूर नंतर येतो, जणू आवाज भोवऱ्यात ओढला जातोय. प्लांटने जोची प्रेयसीविषयीची कडवी बरीचशी सोडून दिली आणि शेवटाकडे शिकागोला निघाल्याच्या ओळी घातल्या. ब्लूजमध्ये अशा ओळी कुणा एकाच्या नसतात, या गाण्यातून त्या गाण्यात फिरत असतात. पण ही निवड अचूक आहे. पुरानंतर दक्षिणेतली काळी कुटुंबं मोठ्या संख्येने उत्तरेच्या शहरांकडे गेली, आणि शिकागो हे त्यांतलं मोठं ठिकाण.

८ नोव्हेंबर १९७१ला निघालेल्या बिननावाच्या चौथ्या अल्बममधलं हे शेवटचं गाणं, सात मिनिटांहून थोडं जास्त. रचनाकार म्हणून बँडच्या चौघांबरोबर मेम्फिस मिनीचं नाव छापलं होतं. याच बँडच्या ‘होल लॉटा लव्ह’साठी ब्लूज रचनाकार विली डिक्सनला १९८५मध्ये दावा लावावा लागला होता, हे लक्षात घेतलं तर इथे मूळ नाव आलं ही चांगली गोष्ट. पण कॅन्सस जोचं नाव नव्हतं. ज्याने गाणं गायलं तोच वगळला गेला, आणि मिनीने ते गायल्याचा गैरसमज त्याने आणखी पक्का झाला. ही चूक लहान मानता येणार नाही.

नुसता ड्रम, नुसते शब्द

गाणं सुरू होतं तेव्हा दोन बार फक्त ड्रम आहे. आठ मात्रा, जेमतेम सात सेकंद, दुसरं कुठलंच वाद्य नाही. सॅम्पल, म्हणजे नव्या गाण्यात वापरायला जुन्या गाण्यातला तुकडा कापणाऱ्याला याहून सोयीचं काय? कापायचं, टोकाला टोक जोडायचं आणि फिरवत ठेवायचं. बीस्टी बॉइजनी १९८६मध्ये ‘रायमिन अँड स्टीलिन’ यावर उभं केलं. डॉक्टर ड्रे, एनिग्मा, ‘आर्मी ऑफ मी’मध्ये ब्योर्क अशी रांग लागली. या तुकड्यात जो आणि मिनीचा एकही शब्द, एकही सूर उरलेला नाही.

बॉब डिलनने याच्या अगदी उलट केलं. त्याचं ‘द लेव्हीज गॉना ब्रेक’ पावसाची ती पहिली ओळ घेतं, चालती लय घेतं, बाकी बहुतेक शब्द स्वतःचे घालतं, आणि रचनाकार म्हणून त्याचं एकट्याचं नाव आहे. हे गाणं असलेला अल्बम अमेरिकेत २९ ऑगस्ट २००६ला आला. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे बांध आणि पूरभिंती फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला होता. लुइझियानाच्या बकव्हीट झायडेकोने २००९मध्ये अकॉर्डियनवर हे गाणं केलं तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर १९२७ नव्हतं, २००५ होतं. अ परफेक्ट सर्कलने २००४मध्ये ड्रमचा भार काढून टाकून ते जवळजवळ अंगाईइतकं हलकं केलं. बऱ्याच चाहत्यांना ते रुचत नाही, पण शब्द नीट ऐकू येतात ते त्यातच.

ऐकायचं असेल तर आधी १९२९. तीनच मिनिटं आहेत, आणि खरखर आहे म्हणून घाबरू नये. एकदा नुसते बार मोजत ऐकावं: बोटावर चार-चार मात्रा धरून बारा गट, आणि पाचव्या बारला खालचा स्वर ‘म’वर जातो तो पकडावा. दुसऱ्यांदा जोचा गळा सोडून द्यावा आणि तो थांबतो तिथे मिनी काय वाजवते तेवढंच ऐकावं. मग २०१५मध्ये निघालेला तो फसलेला प्रयत्न, मग १९७१चं गाणं, शक्यतो स्पीकरवर. तिथे पहिल्या ठोक्यानंतरची घुमारदार पोकळी ऐकावी, मग तोच ठोका एनिग्मात शोधावा. आणि शेवटी पुन्हा १९२९. या वेळी रात्रंदिवस राबल्याची ती ओळ येईल तेव्हा वाळूच्या पोत्यांचं ते कडं आठवावं.